तुरुंगातून तक्रार केल्यावर भावाचा त्रास वाढला आहे. कुटुंबाने कोणाकडे दाद मागावी?

प्रश्न : नदीकाठ

नमस्कार. माझा धाकटा भाऊ राज्यातील एका मध्यवर्ती कारागृहात न्यायाधीन बंदी म्हणून आहे. खटल्याची सुनावणी अजून सुरू झालेली नाही. त्याच्यावर काय आरोप आहेत याविषयी मी येथे लिहिणार नाही, कारण त्याचा निवाडा न्यायालय करील आणि माझा प्रश्न त्याहून वेगळा आहे.

भावाला लहानपणापासून फिट येण्याचा आजार आहे आणि त्याला सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात. कारागृहाच्या दवाखान्यातून त्या कधी मिळत, तर कधी ‘साठा आलेला नाही’ असे सांगून त्याला परत पाठवले जाई. डॉक्टरांची चिठ्ठी जोडून आम्ही नेलेल्या गोळ्या फाटकावरच अडत. पावसाळ्यात एका रात्री त्याला बराकीत फिट आली, जीभ दातांखाली सापडली आणि शेजारच्या बंद्यांनी बराच वेळ गज वाजवल्यावर पहारेकरी आला. त्यानंतर कारागृहाच्या पाहणीसाठी आलेल्या न्यायाधीशांसमोर त्याने ही हकिकत सांगितली आणि लेखी अर्जही दिला.

पुढचे काही दिवस गोळ्या वेळेवर मिळाल्या. मग त्याला बराकीतून काढून एकट्याच्या कोठडीत ठेवण्यात आले आणि कारण विचारल्यावर ‘सुरक्षा’ एवढेच उत्तर मिळाले. आम्ही पहाटेच्या एसटीने मुलाकातीला जातो. एकदा नोंदणीत नाव सापडत नाही म्हणून, तर एकदा आधार कार्डाची प्रत पुसट आहे म्हणून आम्हाला न भेटताच परतावे लागले. त्याची पत्रे येणे थांबले आहे. अखेर भेट झाली तेव्हा त्याने सांगितले की, त्याला कार्यालयात बोलावून ‘मी गैरसमजातून अर्ज केला होता, आता माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून देण्यास सांगितले गेले. त्याने नकार दिल्यावर, दूरच्या कारागृहात पाठवायच्या यादीत त्याचे नाव असल्याचे त्याच्या कानावर घालण्यात आले.

आई म्हणते की पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, त्याने लिहून द्यावे आणि विषय संपवावा. मला ते पटत नाही, पण आत राहायचे आहे ते त्याला, मला नाही, हेही मी विसरू शकत नाही. हे जे चालले आहे ते कायद्याला धरून आहे का? आम्ही बाहेरून काही केले तर त्याला अधिक त्रास होईल का? ज्यांना या व्यवस्थेची प्रत्यक्ष माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : साक्षेप

ताई, मी वकील आहे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरून कारागृहातील विधी साहाय्य केंद्रात जात असतो. बाकी सारे मुद्दे नंतर पाहता येतील, परंतु फिटचा रुग्ण रात्री एकट्या कोठडीत असणे ही गोष्ट थांबण्यासारखी नाही. बराकीत गज वाजवायला माणसे होती, कोठडीत तीही नाहीत. त्यामुळे ज्या न्यायालयात त्याचे प्रकरण आहे तेथे आपल्या वकिलांमार्फत उद्याच अर्ज द्या आणि दोनच गोष्टी मागा: शासकीय रुग्णालयातील तज्ज्ञाकडून तपासणी करून अहवाल मागवावा, आणि तो येईपर्यंत त्याला एकटे ठेवू नये. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या कलम ३७ नुसार, एखादा बंदी डॉक्टरांना भेटू इच्छितो किंवा आजारी दिसतो, तर त्याची खबर विनाविलंब तुरुंगाधिकाऱ्याला देण्याचे बंधन कर्मचाऱ्यांवर आहे. त्याच कायद्याचे कलम २९ सांगते की, एकांत कोठडीतून बंद्याला कोणत्याही वेळी अधिकाऱ्याशी संपर्क साधता आला पाहिजे आणि चोवीस तासांहून अधिक काळ तेथे ठेवलेल्या माणसाला वैद्यकीय अधिकाऱ्याने किंवा त्याच्या हाताखालच्या वैद्यकीय कर्मचाऱ्याने रोज पाहिले पाहिजे. इंग्रजांच्या त्या कठोर कायद्यानेही एवढे मान्य केले होते.

आता सूडाचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर १९७९ रोजी सुनील बत्रा प्रकरणात जो निर्णय दिला, तो आपल्या वकिलांनी अर्जासोबत अवश्य जोडावा. तिहार कारागृहात फाशीची शिक्षा झालेल्या बत्रा यांनी दुसऱ्या एका बंद्याच्या अमानुष छळाविषयी न्यायमूर्तींना पत्र लिहिले होते. त्या बंद्याच्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी मुख्य वॉर्डरने हा छळ केल्याची तक्रार होती. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारले, वकिलांना न्यायमित्र (न्यायालयाला साहाय्य करणारे वकील) नेमून थेट कारागृहात पाठवले आणि बंद्यांना भेटण्याची व कागदपत्रे पाहण्याची मुभा दिली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या या निर्णयात आपल्या उपयोगाचा आदेश असा आहे की, एकांत किंवा शिक्षेची कोठडी, सवलती काढून घेणे, शिक्षेसारखा परिणाम करणारी दुसऱ्या कारागृहातील बदली, यांपैकी काहीही सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय लादता येणार नाही. तातडीमुळे आधी कळवणे शक्य नसेल, तर कारवाईपासून दोन दिवसांच्या आत कळवले पाहिजे. म्हणून आपल्या अर्जात सरळ विचारा की, कोठडीत हलवल्याची माहिती सत्र न्यायाधीशांना कोणत्या तारखेला दिली. माझ्या अनुभवात या एका प्रश्नाने जेवढी हालचाल होते, तेवढी छळाच्या लांबलचक वर्णनाने होत नाही.

बदलीविषयी तर महाराष्ट्रातूनच गेलेला निर्णय आहे. जून २००८ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातून काही न्यायाधीन बंद्यांना राज्यातील इतर कारागृहांत हलवताना बळाचा वापर झाला आणि ते प्रकरण उच्च न्यायालयामार्गे सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. २०१२ मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध सईद सोहेल शेख या निकालात न्यायालयाने सांगितले की, न्यायाधीन बंद्याला हलवण्यासाठी ज्या न्यायालयाने त्याला कोठडीत पाठवले त्याची परवानगी लागते, ती परवानगी देणे हे न्यायिक काम आहे, आणि त्याआधी बंद्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. तेव्हा बदलीचा प्रस्ताव आल्यास आम्हाला ऐकल्याशिवाय परवानगी देऊ नये, असा अर्ज आजच त्या न्यायालयात देऊन ठेवता येईल.

‘तक्रार नाही’ असे मात्र त्याने लिहून देऊ नये. दडपणाखाली लिहून दिलेच असेल, तर पुढच्या तारखेला न्यायालयाला सांगावे. येथे एक व्यावहारिक अडचण आहे. हल्ली पुष्कळ बंद्यांना व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर केले जाते, आणि ज्यांच्याविषयी बोलायचे तेच कर्मचारी त्या खोलीत उभे असतात. म्हणून पुढच्या तारखेला त्याला प्रत्यक्ष हजर करण्याचा आदेश मागून घ्या.

प्रतिसाद : जुना बंदोबस्त

मी कारागृह विभागात तुरुंगाधिकारी म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. वरील कायदेशीर माहिती योग्यच आहे. तक्रारीचा कागद आत गेल्यावर त्याचे काय होते, तेवढे मी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय आपल्या भावाकडून ते दोन ओळींचे निवेदन का मागितले गेले, हे लक्षात येणार नाही.

बंद्याने अर्ज न्यायाधीशांकडे दिला काय, मानवी हक्क आयोगाकडे पाठवला काय किंवा पुण्याला कारागृह महानिरीक्षकांकडे पाठवला काय, तो बहुतेक वेळा ‘चौकशी करून अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन त्याच अधीक्षकांकडे परत येतो. अधीक्षक तो वरिष्ठ तुरुंगाधिकाऱ्याकडे देतात, तेथून तो त्या सर्कलच्या, म्हणजे कारागृहातील त्या विभागाच्या, तुरुंगाधिकाऱ्याकडे जातो, आणि पुष्कळदा ज्याच्याविरुद्ध अर्ज असतो त्याच्याच टेबलावर अहवालाचा पहिला मसुदा तयार होतो. मुदत जवळ आलेली असते, वरून स्मरणपत्र आलेले असते. अशा वेळी फाइल बंद करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे बंद्याला बोलावून घेणे आणि आता तक्रार नसल्याचे लिहून घेणे. ते निवेदन जोडले की वर कोणी काही विचारत नाही. आपल्या भावाने नकार दिल्यामुळे तो सोपा मार्ग बंद झाला, आणि पुढचा राग त्यातून आलेला आहे. तो राग समर्थनीय नाही. मी तो जवळून पाहिला आहे आणि त्यापुढे माना खाली घालणारे चांगले कर्मचारीही पाहिले आहेत.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. औषधांचा साठा येणे किंवा डॉक्टरांचे पद भरले जाणे तुरुंगाधिकाऱ्याच्या हातात नसते, परंतु बंदी आजारी पडला की उत्तर त्यालाच द्यावे लागते. ज्याचा उपाय आपल्याकडे नाही त्या गोष्टीची तक्रार झाली की, माणूस तक्रार करणाऱ्यावर चिडतो. तसेच प्रत्येक बदलीमागे सूड असतो असेही नाही. क्षमतेच्या कितीतरी पट माणसे कोंबलेल्या कारागृहांतून बंदी दुसरीकडे पाठवावेच लागतात. अडचण ही की, सूडाने केलेली बदली आणि गर्दीमुळे केलेली बदली कागदावर सारखीच दिसते, दोन्हींवर ‘प्रशासकीय कारणास्तव’ असेच लिहिलेले असते. म्हणून तारखांना महत्त्व आहे. अर्ज कोणत्या तारखेचा, कोठडी कोणत्या तारखेची, यादीत नाव कधी आले, हे शेजारी शेजारी मांडले की न्यायाधीशांना वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्या वकिलांनी न्यायालयाला काही कागद मागवायला सांगावेत: भावाची इतिहासपत्रिका (बंद्याच्या आतल्या नोंदींचा कागद), कारागृहाच्या दवाखान्याचे रजिस्टर, त्याला कोठडीत हलवल्याचा कारणांसह लेखी आदेश, मुलाकातीची नोंदवही आणि टपालाची आवक-जावक नोंद. शिक्षा दिली असेल, तर अधिनियमाच्या कलम ५१ प्रमाणे ती शिक्षेच्या नोंदवहीत लिहावी लागते. नोंद नसेल, तर ती शिक्षा कायद्याच्या दृष्टीने दिलेलीच नाही आणि तरीही माणूस ती भोगत आहे, असा अर्थ होतो, आणि न्यायालयापुढे हे फार जड जाते.

मी ज्यांच्या हाताखाली काम केले त्यांतील एक अधीक्षक साप्ताहिक फेरीच्या वेळी मधल्या चौकात खुर्ची टाकून बसत. शेजारी कंपाउंडर, टपालाचा कारकून आणि कॅन्टीनचा माणूस उभा करीत. आधी मागच्या आठवड्याच्या तक्रारी मोठ्याने वाचून कोणत्या तक्रारीचे काय झाले ते सांगत, जे झाले नाही ते का झाले नाही हेही सांगत, आणि मगच नव्या तक्रारी ऐकत. सुरुवातीला रांग संपता संपत नसे. काही महिन्यांनी ती आटली, आणि बाहेर जाणारे अर्जही कमी झाले. त्यासाठी त्यांना कोणता नवा कायदा लागला नाही. त्यांची बदली झाली आणि त्यांच्या मागून ही पद्धत कोणी चालवली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

जाता जाता, हा मजकूर वाचणाऱ्या सिद्धदोष, म्हणजे शिक्षा झालेल्या, बंद्यांच्या कुटुंबीयांसाठी. तेथे तक्रारीची किंमत आणखी वेगळ्या मार्गाने वसूल होऊ शकते. शिक्षेतून कमी होणारे माफीचे दिवस, खुल्या कारागृहासाठी निवड आणि संचित रजा (फर्लो, म्हणजे ठरावीक दिवस घरी जाण्याची सुट्टी), या तिन्हींत अधीक्षकांच्या मताला वजन आहे. १९५९ च्या फर्लो व पॅरोल नियमांत तर अधीक्षकांच्या मते ज्याचे वर्तन समाधानकारक नाही त्याला संचित रजा नाकारण्याची तरतूदच आहे. मारहाण दिसते, तिचे डाग राहतात. प्रतिकूल शेरा मात्र कोणाला दिसत नाही आणि त्यापायी माणूस मुलीच्या लग्नाला मुकतो. रजा नाकारल्याचा आदेश लेखी आणि कारणांसह मागा. त्याला उच्च न्यायालयात आव्हान देता येते आणि तशा याचिका नेहमी दाखल होतात.

प्रतिसाद : पिंपळपार

मी काही वर्षे न्यायाधीन बंदी होतो, नंतर निर्दोष सुटलो. ज्यांनी वर लिहिले ते बाहेरच्या बाजूने किंवा टेबलाच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून बराकीच्या बाजूने थोडे लिहितो.

आमच्याकडे तक्रारपेटी होती. ती कार्यालयाच्या दाराजवळ, कॅमेऱ्याच्या बरोबर समोर लावलेली होती. तिच्यापर्यंत जायचे, तर पहारेकऱ्याला कारण सांगून सर्कलच्या बाहेर पडावे लागे. लिहायला कागद हवा, तर तो रायटरकडून मागावा लागे, आणि रायटर म्हणजे कार्यालयात बसून लिखापढीचे काम करणारा बंदीच. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्जही तोच लिहून देई. त्यामुळे चिठ्ठी पेटीत पडण्यापूर्वीच तिच्यात काय आहे हे कार्यालयाला कळलेले असे. मी तेथे असेपर्यंत त्या पेटीला लावलेले छोटे कुलूप गंजून गेले होते, आणि पाहणीच्या वेळी ‘पेटीत एकही तक्रार आढळली नाही’ अशी नोंद होत असे. पेटी रिकामी आहे याचा अर्थ सर्व काही ठीक आहे, असा लावला जाई. वर आलेल्या बत्रा निकालानुसार अशा तक्रारपेट्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांच्या आदेशाखाली ठेवायच्या आहेत, हे मला सुटल्यानंतर कळले.

त्रास देण्याची पद्धतही कुटुंबांना ठाऊक असावी. तक्रार करणाऱ्याला सहसा कोणी हात लावत नाही. संपूर्ण बराकीची झडती होते, ती एका आठवड्यात पुन्हा होते. घरून आलेले लोणचे, फरसाण, कपडे, खटल्याचे कागद, सगळे जमिनीवर येते. कॅन्टीनची यादी त्या बराकीपर्यंत शेवटी पोहोचते, तोवर साबण संपलेला असतो. कारण कोणी सांगत नाही, पण संध्याकाळपर्यंत ते प्रत्येकाला कळते आणि मग बराकीतलीच माणसे येऊन ‘तुझ्यामुळे आम्हाला भोगावे लागते’ असे म्हणतात. मला अधिकाऱ्यांच्या धाकाने गप्प केले नाही. माझ्या शेजारी झोपणारा, दोन मुलांचा बाप असलेला माणूस हात जोडून ‘आता पुरे कर’ म्हणाला, तेव्हा मी गप्प झालो.

म्हणून ताई, एक विनंती आहे. ज्या बंद्यांनी त्या रात्री गज वाजवले त्यांची नावे आपल्या अर्जात त्यांना विचारल्याशिवाय घालू नका. ते चांगले साक्षीदार आहेत, परंतु त्यांना तेथेच राहायचे आहे. न्यायालयाने चौकशी लावली आणि त्यांना एकेकटे बोलावून विचारले, तर ते खरे बोलतील.

भावाने न्यायालयात बोलताना कोणाच्या स्वभावाविषयी काही बोलू नये. गोळीचे नाव, कोणकोणत्या दिवशी मिळाली नाही, फिट कधी आली, कोठडीत कधी हलवले, एवढेच सांगावे आणि ते रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) लिहून घेण्याची विनंती त्याच्या वकिलांनी त्याच क्षणी करावी. माझ्या बाबतीत उपयोग झाला तो एवढ्याच गोष्टीचा. रोजनाम्यात दोन ओळी आल्या आणि त्यानंतर माझी टपालातील पत्रे पुन्हा येऊ लागली. आपल्या आईला सांगा की त्यांची भीती खोटी नाही. लिहून दिल्याने ती संपेल, असे मात्र मला वाटत नाही. लिहून दिल्यावर गोळ्या पुन्हा बंद झाल्या, तर त्याने तोंड उघडायचे कोणत्या आधारावर?

प्रतिसाद : माळावरची वाट

मी तुरुंग सुधारणांविषयी वाचन आणि थोडेफार लेखन करते. या चर्चेत महाराष्ट्रातील काही ज्ञात प्रकरणांची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण वरच्या अनुभवांना एकट्यादुकट्याचे अनुभव म्हणून बाजूला सारता येऊ नये.

२३ जून २०१७ रोजी भायखळ्याच्या महिला कारागृहातील मंजुळा शेट्ये यांचा मृत्यू झाला. त्या स्वतः शिक्षा भोगत असलेल्या बंदी होत्या आणि वॉर्डर म्हणून काम पाहत होत्या. शिध्याच्या हिशेबात दोन अंडी आणि पाच पाव कमी भरले, यावरून त्यांना मारहाण झाल्याचा आरोप आहे. या प्रकरणात कारागृहाच्या सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. परंतु त्याआधी घडलेली गोष्ट लोकांच्या स्मरणातून गेली आहे. मृत्यूची बातमी कळल्यावर आतल्या स्त्रियांनी निषेध केला, त्या गच्चीवर गेल्या, आणि पहिल्या काही दिवसांतच त्यांच्यावर दंगलीचा गुन्हा नोंदवला गेला. ज्या साक्षीदार होत्या, त्याच आरोपी झाल्या. तुरुंगात सामुदायिक तक्रार आणि दंगल यांतील रेघ कोण ओढतो, हा प्रश्न त्या घटनेने उभा केला आणि तो अजून तसाच आहे.

तळोजा मध्यवर्ती कारागृहात आदिवासींसाठी काम करणारे वृद्ध फादर स्टॅन स्वामी यांना कंपवातामुळे पेला धरता येत नसे. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना नोव्हेंबर २०२० मध्ये विशेष न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी न्यायालयीन कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्याच कारागृहात डिसेंबर २०२० मध्ये पत्रकार व कार्यकर्ते गौतम नवलखा यांच्या कुटुंबाने टपालाने पाठवलेला चश्मा परत पाठवला गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. नागपूर मध्यवर्ती कारागृहात चाकाच्या खुर्चीवर असलेले प्रा. जी. एन. साईबाबा यांनी मे २०२२ मध्ये, अंडा सेलमध्ये (अतिसुरक्षित कोठडीत) शौचालयाचा भागही टिपला जाईल अशा रीतीने बसवलेला कॅमेरा काढावा म्हणून, उपोषण केले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले.

या माणसांच्या मागे वकील होते, मित्र होते, वृत्तपत्रे होती, म्हणून सिपर आणि चश्म्यासारख्या गोष्टी न्यायालयापर्यंत पोहोचल्या. नदीकाठ यांच्या भावासारख्या हजारो बंद्यांच्या मागे पहाटेच्या एसटीने येणारी आई आणि बहीण एवढेच बळ असते. तेव्हा हे काम त्यांच्यावर सोडून चालणार नाही. कारागृहांवर नेमायच्या अशासकीय अभ्यागतांची, म्हणजे पाहणीसाठी येणाऱ्या सरकारबाहेरच्या नागरिकांची, पदे भरली गेली आहेत का, ते खरोखर बराकींत जातात का, हे आपण नागरिक म्हणून माहितीच्या अधिकारात विचारू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये डी. के. बसू प्रकरणात असे अभ्यागत नेमण्याचा विचार करण्यास राज्यांना सांगितले होते आणि सर्व कारागृहांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेशही दिला होता. बंद्यांना कसे वागवावे याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतील ५७ वा नियम तर स्पष्टच म्हणतो की, तक्रार केल्यामुळे बंद्याला सूडाचा, धाकदपटशाचा किंवा इतर वाईट परिणामांचा धोका पोहोचता कामा नये.

प्रतिसाद : नदीकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. पिंपळपार यांचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने भावाच्या औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि गावच्या डॉक्टरांचा कागद ट्रंकेतून काढून दिला. त्याने लिहून देऊ नये, हे आता तिलाही मान्य आहे.

माझ्या दोन शंका राहिल्या आहेत. आमच्या वकिलांची तारखेलाच भेट होते आणि त्यांना वेगळे शुल्क देणे आम्हाला जमणारे नाही. दुसरे म्हणजे, तो अर्ज खोटा होता असे ठरवून भावावरच कारवाई होऊ शकते का? कार्यालयात त्याला तसेही बजावले गेले आहे.

प्रतिसाद : साक्षेप

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी. अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये तुरुंगातील अपराधांची जी यादी आहे, तिच्यात अधिकाऱ्यावर किंवा दुसऱ्या बंद्यावर खोटा आरोप करणे हाही एक अपराध आहे, आणि भीती घालण्यासाठी त्याचाच वापर होतो. परंतु तो आरोप जाणूनबुजून खोटा केलेला असावा लागतो. गोळी मिळाली नाही, असे सांगणाऱ्या माणसाला दवाखान्याच्या रजिस्टरात त्या दिवसाची नोंद नसेल, तर खोटे ठरवता येत नाही. म्हणूनच जुना बंदोबस्त यांनी सांगितलेले रजिस्टर आधी मागवायचे. सीसीटीव्हीचे चित्रण काही काळाने आपोआप पुसले जाते, तेव्हा फिट आली त्या रात्रीचे आणि त्याला कार्यालयात बोलावले त्या दिवसाचे चित्रण जपून ठेवण्याचा आदेशही त्याच अर्जात मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे एखाद्याच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. भावाला सध्या कोणते औषध, कोणत्या वेळी दिले जाते, एवढाच प्रश्न त्या कलमाचा उल्लेख करून विचारता येईल. मानवी हक्क आयोगाचा मार्गही उघडा आहे, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे.

शुल्काची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचे कार्यालय असते, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेही मदत मागता येते. प्राधिकरणाच्या सचिवांना एक पानाचे निवेदन द्या, सत्र न्यायाधीशांच्या नावे त्याची प्रत काढा आणि दोन्हींवर पोच घ्या. निवेदनात प्राधिकरणाच्या वकिलाने भावाला कारागृहात जाऊन, कर्मचाऱ्यांच्या ऐकण्याच्या टप्प्याबाहेर भेटावे, अशी विनंती असू द्या. अहवाल कारागृह अधीक्षकांकडून मागवण्याऐवजी न्यायिक अधिकाऱ्याने स्वतः चौकशी करावी, हे वाक्यही त्यात घाला, कारण ते घातले नाही तर आपला कागद पुन्हा त्याच टेबलावर जाईल.

आईंनी काढून दिलेल्या चिठ्ठ्यांच्या मूळ प्रती स्वतःकडेच ठेवा, तेथे झेरॉक्स द्या. आपण कोणत्या जिल्ह्यात आहात ते मला व्यक्तिगत संदेशाने कळवले, तर तेथील पॅनेलवर कोण आहे ते पाहून सांगतो. निवेदन शुक्रवारची वाट न पाहता द्या, कारण मधल्या सुट्ट्यांत तो कोठडीत एकटाच असणार आहे.